पैसे देऊन नुसतं बसायचं?

«ताई, नमस्कार. आम्ही नवरा-बायको इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो, दोघंही नोकरी करतो. ऑक्टोबरात लग्नाला पाच वर्षं होतील. त्यानिमित्त कॉट्सवोल्ड्समध्ये, मोर्टन-इन-मार्शजवळच्या एका कंट्री हाउस हॉटेलात (म्हणजे जुन्या जमीनदारी वाड्याचं केलेलं हॉटेल) दोन रात्री राहावं असं माझ्या मनात आहे. मला काही बघायचं नाही, नुसतं बसायचंय. ह्यांनी मात्र लगेच एक्सेल शीट केली: ऑक्सफर्ड, ब्लेनहेम पॅलेस, बर्टन-ऑन-द-वॉटर, बिबरी, बाथ, स्टोनहेंज. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात. वय ७०, गुडघे दुखतात. त्यांचं म्हणणं, 'साडेसहाशे पौंड देऊन दुसऱ्याच्या घरात बसायचं? त्यापेक्षा आपल्या घरात बसा की.' त्यांना सोबत न्यायचं की घरी ठेवायचं, हेही ठरत नाही. आम्ही शाकाहारी आहोत. मी केकमधलं अंडं खाते, सासूबाई तेही नाही. आणि खरं सांगू? असल्या हॉटेलांत जायची मला थोडी भीतीच वाटते. काटे-चमचे, कपडे, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटत राहतं. काय करू? – नुसती बसू पाहणारी»

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या तिघांत सगळ्यांत नेमका प्रश्न त्यांनी विचारलाय. घरीच का नाही बसायचं?

कारण घरी बसलेली बाई बसलेली नसते. कणीक भिजवलेली असते, मशीनमधले कपडे वाळत घालायचे असतात, पार्सलवाला बेल वाजवतो, आणि लॅपटॉप समोरच्या टेबलावर उघडाच असतो. तुम्ही साडेसहाशे पौंड खोलीचे देत नाही. खोली तुमच्याकडे आहेच. या दिवसांत तुमच्याकडून कुणी काही मागणार नाही, त्याचे ते पैसे आहेत. मात्र सासूबाईंचं एक म्हणणं अगदी खरं आहे. ह्यांच्या शीटप्रमाणे गेलात तर ते पैसे शुद्ध वाया जातील.

हिशेब मांडते, एक्सेलवाल्या माणसाला पटेल असा. अशा हॉटेलांत खोली साधारण दुपारी तीनला मिळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडावी लागते. दोन रात्री म्हणजे ४४ तास. त्यातले सोळा-सतरा झोपेत जातील. उरले सत्तावीस. शीटवरची सहा ठिकाणं त्यांत बसवली, कॉट्सवोल्ड्सच्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या मागून गाडी हाकली, पार्किंग शोधत फिरलात, तर त्या घरात तुम्ही जागेपणी राहणार ते फक्त दात घासण्यापुरते. झोपायला आणि नाश्त्यालाच यायचं असेल तर हमरस्त्यावरचं स्वस्त लॉज बरं. गादी तिथेही चांगली असते.

आणि ती यादी तरी बघा! ऑक्सफर्ड तुमच्या रीडिंगहून ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर. बाथ तासाभरावर. स्टोनहेंज तर मोर्टनपेक्षा रीडिंगहूनच जवळ पडतं. म्हणजे घरापासून जवळ असलेल्या गोष्टी बघायला तुम्ही आधी लांब जाणार आणि तिथून उलटे येणार. ह्यांना प्रेमाने सांगा की ही तिन्ही ठिकाणं कुठल्याही शनिवारी होतील, डबा घेऊन, सासूबाईंसकट. बिबरी आणि बर्टन-ऑन-द-वॉटर सुंदर आहेत, पण तिथे तुम्हाला बाकीच्या पर्यटकांचे फोन जास्त दिसतील.

माझा सल्ला थोडा आडमुठा आहे: गाडी घरी ठेवा. लंडनच्या पॅडिंग्टनहून वुस्टरकडे जाणारी ट्रेन रीडिंग, ऑक्सफर्ड करत थेट मोर्टन-इन-मार्शला थांबते. तास-सव्वातासाचा प्रवास. स्टेशनपासून हॉटेलपर्यंतची टॅक्सी मात्र आधी ठरवून ठेवा. खेड्यातल्या स्टेशनाबाहेर टॅक्सीची रांग नसते, आणि ॲपवर गाडी शोधत बसलात तर तासभर पावसात उभे राहाल. हॉटेलला फोन करून 'टॅक्सी सांगून ठेवाल का' म्हटलं की ते सांगतात, त्यांना हे रोजचं आहे. रविवारी निघणार असाल तर रुळांची कामं आहेत का ते आदल्या आठवड्यात बघा. नाहीतर ट्रेनच्या तिकिटावर बसने हिंडाल. गाडी दाराशी नसली की शीट आपोआप मरते, भांडण न होता.

ह्यांना अगदीच चैन पडणार नाही असं वाटत असेल (काही पुरुषांना बसवत नाही, हे मान्य करू या), तर एक जागा शीटवर राहू द्या: बॅट्सफर्ड आर्बोरेटम, म्हणजे झाडांचं उद्यान. मोर्टनपासून दीडेक मैलावर आहे, चालत जाता येतं. तिथले जपानी मेपल ऑक्टोबरच्या मधल्या दिवसांत लाल-केशरी व्हायला लागतात. सकाळचा नाश्ता करून निघायचं, हळूहळू बघायचं, दुपारी तीनच्या आत शेकोटीपाशी परत.

आता तुमच्या भीतीकडे वळते. पत्रातला हा भाग तुम्ही शेवटी आणि घाईघाईत लिहिलाय, म्हणजे तोच खरा.

ही घरं हॉटेलं झाली कशी, ते कळलं तर दडपण निम्मं उतरेल. ती ज्यांची होती त्यांना ती परवडेनाशी झाली. पहिल्या महायुद्धानंतर नोकरमाणसं मिळेनात. मालक वारला की वारसाला भारी मृत्युकर भरावा लागे, आणि तो भरायला जमिनी विकाव्या लागत. दुसऱ्या महायुद्धात कित्येक घरं सैन्याने, शाळांनी, इस्पितळांनी वापरली आणि मोडक्या अवस्थेत परत केली. विसाव्या शतकात अशी शेकडो घरं सरळ पाडली गेली. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पाडलेल्या घरांवर प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठे लोकांना हळहळ वाटायला लागली. जी वाचली त्यांतली काही हॉटेलं होऊन वाचली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटरच्या काठावर १९४८ मध्ये सुरू झालेलं शॅरो बे हे या जातीचं पहिलं हॉटेल मानलं जातं. युद्ध संपून तीनच वर्षं झालेली, रेशनिंग अजून चालूच होतं. आणि बकिंगहॅमशायरमधलं हार्टवेल हाउस बघा. फ्रान्सचा परागंदा राजा अठरावा लुई १८०९ ते १८१४ तिथे भाड्याने राहिला. पुढे त्याच घराचं हॉटेल झालं, आणि २००८ पासून त्याची मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

सांगायचं एवढंच की त्या घराचं छप्पर आज पाहुण्यांच्या पैशांवर टिकून आहे. तुम्ही तिथे कुणाच्या मेहरबानीवर जात नाही. राजासुद्धा भाडं देऊनच राहत होता!

बाकी भीती ही तिथे काय कसं चालतं हे माहीत नसल्याची असते, तर तेही सांगून टाकते. गेल्यावर बॅगा कुणीतरी उचलतं. बहुतेक ठिकाणी खोल्यांना नंबराऐवजी नावं असतात. खाली एक-दोन मोठ्या बैठकीच्या खोल्या असतात, सोफे, शेकोटी, पुस्तकं, वर्तमानपत्रं. नवखी माणसं नेमकी इथेच चुकतात. त्यांना वाटतं ही खोली दुसऱ्या कुणाची आहे, आपण आपल्या खोलीत जावं. नाही. ती तुमचीच आहे. तुम्ही पैसे मोजलेत ते प्रामुख्याने याच खोलीचे. चांगला सोफा धरा, चहा मागवा, पुस्तक उघडा, आणि दोन तास उठू नका. कुणी येऊन 'अजून काही हवंय का' विचारेल, ते उठवायला नव्हे.

रात्रीचं जेवणही जुन्या पद्धतीच्या घरांत याच खोलीत सुरू होतं. साडेसात-आठला खाली यायचं. हातात पेय (दारू नको असेल तर एल्डरफ्लॉवरचं सरबत मागा, बहुतेक ठिकाणी मिळतं). मेनू तिथेच आणून देतात, काय हवं ते तिथेच लिहून घेतात, आणि पहिला पदार्थ तयार झाला की टेबलावर बोलावतात. जेवणानंतर कॉफी प्यायला परत सोफ्यावर. या सगळ्याला अडीच तास लागतात. आपल्याला विसरले असं समजून अस्वस्थ होऊ नका, तो उशीर मुद्दामचा आहे. बिल प्रत्येक वेळी द्यायचं नसतं. खोलीचं नाव सांगून सही करायची, निघताना एकदम भरायचं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आकडा विचारून घ्या. चहा-कॉफी-वाइनचे छोटे छोटे आकडे मिळून मोठा होतो, आणि सकाळी अकराच्या घाईत तो बघून चेहरा पडतो.

काटे-चमचे: बाहेरून आत. प्रत्येक पदार्थाला सर्वांत बाहेरची जोडी. चुकलात तर वेटर न बोलता नवीन आणून ठेवतो. कपड्यांचं म्हणाल तर आता बहुतेक ठिकाणी नीटनेटके कपडे एवढीच अपेक्षा असते. काही मोजक्या डायनिंग रूममध्ये पुरुषांना कोट लागतो, ते बुकिंगच्या वेळी विचारा. तुम्ही साडी नेसणार असाल तर खोलीतली सगळ्यांत व्यवस्थित बाई तुम्हीच असाल, चिंता मिटली. चिखलाचे बूट मात्र दारातच. पुष्कळ ठिकाणी पाहुण्यांसाठी रबरी बूट ठेवलेले असतात, ते घालून बागेत फिरा. आणि लोक बघतात का? बघतात थोडे. त्यातले निम्मे तुमच्यासारखेच लग्नाचा वाढदिवस करायला, पैसे साठवून आलेले असतात आणि आपण बरोबर वागतोय ना या काळजीत असतात.

शाकाहाराची गोष्ट तिथे पोचल्यावर काढू नका, बुकिंगमध्येच लिहा. ऐनवेळी सांगितलं तर मशरूमचा रिसोतो मिळतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मशरूमचा रिसोतो. आधी सांगितलं तर स्वयंपाकघर विचार करून ठेवतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. परमेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, थंड गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकतं, वुस्टर सॉसमध्ये मासा असतो. तुम्ही यातलं काय चालवून घेता ते तुम्ही ठरवा, पण त्यांना कळू द्या. अंड्याचं तर सोपं आहे. ब्रिटिश कायद्यानुसार अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि अंडं त्यात आहे. त्यामुळे 'यात अंडं आहे का' या प्रश्नाचं पक्कं उत्तर स्वयंपाकघराकडे असायलाच हवं. संकोच करू नका. आणि हो, पिशवीत चिवडा न्या. रात्री साडेनऊनंतर खेड्यातल्या हॉटेलात भूक लागली तर खोलीतल्या किटलीवरचा चहा आणि दोन बिस्किटं एवढाच आधार असतो.

सासूबाईंना न्यायचं की नाही? स्पष्ट बोलते. पाचव्या वाढदिवसाला दोघंच जा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, आणि त्यांनाही अशा घरात मजा येईलच असं नाही. जुनी घरं 'लिस्टेड' असतात, म्हणजे परवानगीशिवाय त्यांत फेरफार करता येत नाहीत. म्हणून पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नसते, जिने अरुंद, पायऱ्या उंच-सखल, आंघोळीला पाय उंच करून आत जावं लागेल असा टब. दुखऱ्या गुडघ्यांना ही शिक्षाच. त्यात अडीच तासांचं जेवण, त्यातलं निम्मं त्यांना चालणार नाही, आणि तुमचा अर्धा जीव त्यांच्या ताटात.

पण त्यांना 'तुम्हाला झेपणार नाही' असं सांगून गप्प करू नका. आधी ह्यांनीच आईला विचारावं, तुम्ही नव्हे. आणि त्यांचा वाटा त्यांना वेगळा द्या. अशी बरीच हॉटेलं मुक्कामाला नसलेल्यांनाही दुपारचा चहा (सँडविच, केकसकट) देतात, आधी टेबल राखून ठेवावं लागतं. साधारण ३० ते ५० पौंड माणशी. ही पद्धत १८४० च्या दशकात बेडफर्डच्या डचेसने सुरू केली असं सांगतात. रात्रीच्या जेवणाला उशीर व्हायचा आणि दुपारी चार-पाचला तिच्या पोटात कावळे ओरडायचे. हे त्यांना सांगा, चार वाजताच्या चहाचं महत्त्व त्यांना समजावून द्यावं लागणार नाही. रीडिंगच्या आसपासचं, तळमजल्यावर सगळं असलेलं ठिकाण शोधा. बिनअंड्याचं हवं हे चार-पाच दिवस आधी कळवा, सँडविचपासून केकपर्यंत अंडं सगळीकडे असतं. दोन तास त्याच सोफ्यांवर, त्याच शेकोटीपाशी त्या बसल्या की 'दुसऱ्याच्या घरात बसायचे पैसे' हा वाद पुढे कितपत टिकतो ते बघा.

तुम्ही दोघं जाल त्या दोन रात्रींची सोय मात्र नीट लावा. सगळ्यांत मोठा धोका दाराचा आहे. इथली कित्येक दारं मागे ओढली की आपोआप लागतात, आणि कचरा टाकायला चपला घालून बाहेर गेलेली आई घरातल्या कपड्यांवर थंडीत उभी राहते. जादा किल्ली शेजारी द्या आणि त्यांची ओळख करून द्या. हीटिंगचं बटण, गोळ्यांचे डबे, आणि ९९९ (तातडीची मदत) व १११ (तब्येतीचा सल्ला) हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजला तर काय करायचं हे एकदा दाखवून ठेवा. रीडिंगमध्ये मराठी मंडळी आहेत, कुणी दुपारी तासभर बसायला आलं तर उत्तमच.

तारखांचं सांगते. शनिवार सोडा, रविवार ते मंगळवार घ्या. रविवारची रात्र बऱ्याच ठिकाणी स्वस्त असते, कधी जेवणासकट. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा टाळा: शाळांची सुट्टी, म्हणून भाव चढे आणि गर्दी. शिवाय शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि मग पावणेपाचलाच अंधार पडतो. महिन्याच्या मध्यावर अजून सहा-सव्वासहापर्यंत उजेड असतो.

बुकिंग वेबसाइटवर करण्याआधी हॉटेलला फोन करा आणि हे विचारा. त्या दिवसांत तिथे कुणाचं लग्न आहे का? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग रात्री बारापर्यंत खालचा डीजे ऐकत बसावं लागतं. खोली मुख्य घरात आहे की बाहेरच्या तबेल्याच्या इमारतीत? तबेलेही आता गुबगुबीत असतात, पण रात्री जेवणानंतर पावसात छत्री घेऊन जावं लागतं. 'कोझी' असं लिहिलेली खोली लहान असते, हे गृहीत धरा. दोन्ही रात्री डायनिंग रूम चालू आहे ना? सोमवारी स्वयंपाकघर बंद ठेवणारी ठिकाणं आहेत, आणि तुमच्याकडे गाडी नसेल. रद्द केलं तर पैसे परत मिळतात का? सासूबाईंच्या तब्येतीमुळे तुम्हाला हे हवंच. दहा-वीस पौंड वाचवायला परत न मिळणारा दर घेऊ नका.

बक्षिशीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण निघताना गोंधळ होतो म्हणून लिहिते. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळं काही द्यायची गरज नाही. तो 'ऐच्छिक' लिहिलेला असेल आणि सेवा वाईट असेल तर काढायलाही सांगता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने ही रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती पूर्ण कामगारांना जाते. खोली आवरणाऱ्या बाईसाठी पाच-दहा पौंडांची नोट उशीपाशी ठेवलीत तर तिला ती थेट मिळेल. त्यासाठी थोडी रोख रक्कम रीडिंग स्टेशनवरच काढून घ्या, तिथे जवळ एटीएम असेलच असं नाही.